राजा काही पडेना

"मार वो! मार ना त्याले! पाहून काय राहिली?"

मंडईची अख्खी जत्रा ओरडत होती. अख्खी म्हणजे आमच्या गावची, आजूबाजूच्या बारा गावांची, आणि माझा अंदाज खरा धरला तर सीमेपलीकडून मध्यप्रदेशातली निम्मी माणसंही त्या दिवशी आमच्याच चौकात उतरली होती. ज्याला मारायचं तो राजा म्हणजे मी. वय चौदा, काजळाच्या मिश्या, अंगात मोठ्या बाबांचा, म्हणजे थोरल्या काकांचा, लग्नातला कोट. आणि माझ्या पाठीमागे दोन्ही हातांनी काठी उगारून उभा असलेला दुष्ट प्रधान म्हणजे माझी वर्गमैत्रीण. ही बाई कबड्डीत पकड करायची. एकदा तिनं आंधळगावच्या शाळेतल्या एका पोरीचा पाय धरला, तर ती पोरगी अजून तिथंच मैदानात आहे म्हणतात, घरचे डबा नेऊन देतात.

काठी खाली येणार, राजा कळवळणार, दोन ओळींचं गाणं म्हणत कोसळणार आणि मरणार, असं ठरलं होतं. पण काठी आहे तिथंच हवेत राहू द्या थोडा वेळ. ती कुठं पळून जात नाही. आधी माझ्या पाठीचं सांगते, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही.

माझी पाठ वाकडी आहे हे कोणत्याही डॉक्टरच्या आधी आमच्या धानाच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, उघडकीला आलं. आमच्याकडे रोवण्यात बाया ओळीनं वाकतात आणि चिखलात रोपं खोचत मागं मागं सरकत जातात. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहिलं तर माणसं दिसतच नाहीत, नुसत्या पाठी दिसतात. मी सातवीत होते, सुट्टीच्या दिवशी हौसेनं ओळीत शिरले होते. आई रोपांच्या पेंढ्या टाकायला धुऱ्यावर उभी होती. एकाएकी म्हणाली, "थांब. तशीच राह्य."

मला वाटलं साप. मी तशीच राहिले. इतकी राहिले की एक बगळा येऊन मला खुंटी समजून बसायच्या बेतात होता. आई चिखल तुडवत आली आणि तिनं माझ्या पाठीच्या उजव्या बाजूवर हात ठेवला.

"इकून उंच काहून आहे?"

झालं. सगळा रोवणा थांबला. प्रत्येकीनं हात धुवून माझी पाठ चाचपून पाहिली. एक म्हणाली दप्तराचं वजन, दुसरी म्हणाली खाटेची दोरी ढिली असंल, आणि एक तर छातीठोक म्हणाली, "गॅस होय. ओवा दे."

ओवा दिला. आठवडाभर दिला. ओवा संपला, उंचवटा होता तिथंच.

मग नागपूर. तिथले डॉक्टर म्हणाले, "बेटा, पाय जुळवून समोर वाक." मी अशी वाकले की हात आपोआप जमिनीवर रोपं शोधायला लागले. डॉक्टर आईला म्हणाले, "हिला बराच सराव दिसतो." मग त्यांनी एक्स-रे उजेडात धरला. बघते तर काय, माझ्या आत आमच्या गावचा रस्ता! तोच, जो सरळ यायचा सोडून तलावाला वळसा घालतो आणि मग शाळेपाशी पुन्हा जागेवर येतो. मला तर फार आवडला. आईला नाही आवडला.

डॉक्टरांनी नीट समजावलं. पाठीचा कणा बाजूला वळतो, याला स्कोलिओसिस म्हणतात, कोणाची काही चूक नसते, दप्तराची नाही आणि खाटेचीही नाही. वाढीचं वय आहे तोवर वाक वाढू शकतो. तो वाढू नये म्हणून पट्टा घालायचा, दिवसरात्र. दिवसातून दोन तास काढायचा, तेवढ्यात अंघोळ, व्यायाम, काय ते. आणि वाढलाच तर ऑपरेशन.

"झोपताना बी?" मी विचारलं.

"झोपताना पण."

"परीक्षेत?"

"परीक्षेत पण."

"अन् रोवण्यात?"

डॉक्टरांनी आईकडे पाहिलं. आईनं एक्स-रेच्या पाकिटाकडे पाहिलं. परतीच्या एसटीत वैनगंगेचा पूल येईस्तोवर तिचा हात माझ्या पाठीवर होता, त्याच उंच बाजूवर, जणू मी झोपेत असताना तेवढं खाली दाबलं तर बसेल. मी झोपेचं सोंग घेतलं होतं. पूल संपल्यावर तिनं मला फल्ली घेऊन दिली आणि अर्ध्या शेंगा स्वतःच खाल्ल्या, तेव्हा मला कळलं की आता ठीक आहे.

पट्टा म्हणाल तर तो पट्टा नव्हताच. नाव तेवढं पट्टा. काखेपासून कमरेपर्यंत पांढरं जाड प्लास्टिक, मागं तीन बंद. मी त्यात शिरले की बाहेर मुंडकं, हात आणि पाय तेवढे उरत, कासवाला मिळतं तेवढंच. एप्रिल महिन्यात त्यात असा उकाडा व्हायचा की मी पोटाशी तांदूळ बांधून शाळेत गेले असते तर मधल्या सुट्टीत भात तयार मिळाला असता. फायदे मात्र होते. आमच्या घरच्या मच्छरांच्या तीन पिढ्यांनी माझ्यावर डंख मोडून घेतले. गणिताच्या सरांना पाठीवर शाबासकी द्यायची सवय होती. त्यांनी मला एकदाच दिली. नंतर आठ दिवस फळ्यावर डाव्या हातानं लिहीत होते.

पट्ट्याचे बंद रोज सकाळी ताई ओढायची. ताई म्हणजे माझी चुलत बहीण, मोठ्या बाबांची आणि मोठ्या आईची मुलगी. आम्ही सगळे एकाच घरात. ताई माझ्या कमरेला गुडघा लावायची, "श्वास सोड" म्हणायची आणि असा बंद खेचायची की बैल जुंपताना मोठे बाबासुद्धा तेवढा जोर लावत नसत. पट्ट्याच्या आतल्या बाजूला तिनं नेलपॉलिशनं मोर काढला होता.

"आतमंदी कायले काढते? कोनाले दिसनार?" मी विचारलं.

"तुले. रोज काढशीन तवा."

बाहेर काढायची सोय नव्हती, कारण बाहेर काही दिसूच द्यायचं नव्हतं. तो मोठ्या आईचा कायदा होता. मोठी आई मनानं लोणी, पण लोकांना भिण्यात तिचा हात कोणी धरला नसता. "पोट्टीची जात आहे," ती म्हणायची, "आज पाठ म्हनतीन, उद्या आनखी काही म्हनतीन. कोनी पुसलं त सांगजो, थंडी बाधते म्हनून आतून स्वेटर घालतो."

मे महिन्यात. भंडारा जिल्ह्यात. स्वेटर.

आणि गावानं ते मान्य केलं! बाया मला रस्त्यात थांबवून कळवळ्यानं विचारत, "थंडी कमी झाली का वो माय?" मी घामानं निथळत म्हणायची, "हाव काकू, आता बरी आहे."

मी नववीत गेले त्या वर्षी ताईचं लग्न जुळायला आलं. मुलगा नाकाडोंगरीकडचा, चिखल्याच्या मँगनीज खाणीत नोकरीला. फोटो आले-गेले होते, फोनवर बोलणं झालं होतं. ताई तोंडानं काही बोलायची नाही, पण मोबाईल वाजला की भिंतीकडे तोंड करून हसायची. आमच्या भिंतीला तेवढ्या महिन्यात जितकं प्रेम मिळालं तितकं पुऱ्या आयुष्यात मिळालं नसेल. पाहुणे मंडईला येऊन घर पाहणार आणि जमलं तर तिथंच साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख धरणार, असं ठरलं.

आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. जत्रा म्हणा, पाळणे, मिठाई, कापडं, आणि चौकात दिवसाढवळ्या दंडार: ढोलकी, गाणं, सोंगं. सगळे सोयरे त्या दिवशी येतात आणि निम्मी लग्नं मिठाईच्या दुकानासमोर जुळतात. दंडार पुरुषांची. राणीसुद्धा मिशी काढलेला एखादा काकाच. पण त्या वर्षी आमच्या चित्रकलेच्या सरांनी शाळेतल्या मुलींची दंडार बसवली, आणि राजा म्हणून मला उभं केलं. का, तर मला आवाज आहे. तो होताच. मी वर्गात हजेरी दिली की शेजारच्या गावची पोरंसुद्धा "हजर" म्हणत.

मोठ्या आईनं ऐकलं आणि हातातला झारा तेलात सोडून दिला.

"नाही म्हनजे नाही! पाहुने समोर बसतीन. हिले काही झालं, दिसलं, त? एकीची पाठ वाकडी म्हटलं का दुसरीची बी पाहतीन. अन् मंग ताईचं हो म्हनतीन का?"

मला राजा व्हायचं होतं, पण ताईच्या भिंतीचं हसू मी रोज पाहत होते. मी म्हटलं, "राहू दे, दुसरी कोनी राजा होईन." हे वाक्य म्हणताना माझा आवाज इतका बारीक झाला की आयुष्यात पहिल्यांदा कोणी तरी मला "काय म्हनली?" असं विचारलं.

ताई चुलीपुढून उठली. "हेच राजा होईन. नाहीतर मी पोह्याची प्लेट घेऊन बाहेर येनारच नाही. पाहुन्यायले आईच्या हातचे पोहे खाऊ दे अन् आईलेच पाहू दे."

शेवटी तोड आईनं काढली. दंडार बारा वाजता. पट्टा काढायचे दोन तास त्या दिवशी अकरा ते एक. म्हणजे राजा बिनपट्ट्याचा, आणि कोणाला काही कळायचं कारण नाही. तालमीसुद्धा मी त्याच सुट्टीच्या वेळात करत होते. प्रधानाची काठी पाठीपासून वीतभर आधी थांबायची, ढोलकीवाला थाप द्यायचा, आणि मी ओल्या लुगड्यासारखी खाली पडायची. सर म्हणत, असं मरणं शिकवून येत नाही.

इतका चोख बेत कोणत्या एका गोष्टीमुळे बिघडला असेल, ते मंडई पाहिलेला कोणीही सांगेल. उद्घाटन! मंचावर पाहुणे, पाहुण्यांना हार, हार घालणाऱ्यांना हार, मग भाषणं. एका वक्त्यानं भाषणाच्या भरात स्वतःचंच स्वागत केलं आणि स्वतःच्याच गळ्यातला हार काढून पुन्हा घातला. बारा गेले, एक गेला. पडद्यामागे मी राजा होऊन घाम पुसते आहे, आणि आई आली. हातात तांदळाची पिशवी, पिशवीत पट्टा.

"वेळ झाली."

"आई! आता माझी एंट्री आहे!"

"एंट्री पट्ट्यावर बी होते."

"मोठी आई काय म्हनन?"

"मोठी आई कोटाच्या आत पाहनार आहे का?" असं म्हणून तिनं बंद खेचले, ताईपेक्षाही जोरात. वरून कोट चढवला. बटणं लागता लागता ओरडली, पण लागली.

आणि मी बाहेर आले तेव्हा लोकांनी टाळ्याच पिटल्या. असा ताठ राजा त्या चौकानं पाहिलाच नव्हता. सिंहासनावर, म्हणजे मुख्याध्यापकांच्या खुर्चीवर, मी टेकलेच नाही. बाजूला वळायचं तर सगळीच वळत होते, तेही हळू, त्यामुळे सगळ्यांना वाटलं काय रुबाब आहे! पुढच्या खुर्च्यांवर ताईकडचे पाहुणे होते: मुलगा, त्याची आई, आणि त्याचे वडील. वडील म्हणजे एक मोठ्ठं मौन आणि त्यावर पांढरी टोपी. सकाळपासून त्यांनी आमच्या घरी एकच शब्द उच्चारला होता, "पानी." त्यांच्या मागं मोठी आई देवाचं नाव घेत बसली होती, आणि मुलींच्या घोळक्यात ताई.

आता उतरू द्या काठी.

प्रधान बिचारी तालमीत फार सांभाळून मारायची. पण हजार माणसं एकदम "मार वो!" म्हणून ओरडायला लागली की माणसाच्या हाताचा धनी कोणी दुसराच होतो. तिनं डोळे मिटले आणि घातली.

ठक्क!

वर तारेला टांगलेल्या माइकनं तो आवाज उचलला आणि चारी भोंग्यांतून गावाला परत दिला. तलावातले बगळे उडाले. आकाशपाळणा जागच्या जागी थांबला, वर अडकलेले लोक म्हणाले आता पहा वरूनच. काठीचे दोन तुकडे झाले; एक प्रधानाच्या हातात राहिला, दुसरा हवेत गिरक्या घेत थेट मौनी पाहुण्यांच्या पायाशी पडला. त्यांनी तो उचलला.

राजा उभाच होता.

ढोलकीवाल्यानं थाप दिली. राजा उभा. त्यानं पुन्हा दिली. पडद्याच्या फटीतून सर ओरडले, "पड! पड!" प्रधान माझ्या कानाशी रडकुंडीला आली, "मर ना वो!"

"वाकताच येऊन नाही राहिलं," मी ओठ न हलवता म्हटलं. ओल्या लुगड्यासारखं पडायला आधी लुगडं व्हावं लागतं. मी विजेचा खांब होते.

मग मिठाईच्या दुकानाकडून एका म्हातारीचा खणखणीत आवाज आला, "राजानं पाठीले फळी बांधली वो, बाई! बेइमानी!"

"बेइमानी! बेइमानी!" सगळी मंडई प्रधानाच्या बाजूनं झाली. दुष्ट, खुनी, राज्यबुडव्या प्रधानाच्या! माझं रक्त तापलं. समोर मोठी आई दोन्ही पंजे खाली दाबत "बस, बस" करत होती, बिथरलेल्या बैलाला करतात तसं. ताईनं तोंडावर हात ठेवला होता. ताईचं कसं होईल, हे माझ्या मनात आलं, खरंच आलं. पण ते मनात पुरतं येऊन बसायच्या आत मी माइककडे तोंड केलं होतं.

"फळी नाही होय! पट्टा होय! माही पाठ वाकडी आहे, नागपूरच्या डॉक्टरनं देला!"

आणि कोटाची बटणं सोडून, आत बनियनवर घातलेल्या पट्ट्यावर सगळ्यांना पटावं म्हणून मी बोटांनी वाजवून दाखवलं. टक टक टक.

कढईतल्या जिलेबीचा तळताना होणारा आवाज तेवढा ऐकू येत होता.

आणि मग, देव त्या ढोलकीवाल्याचं भलं करो, त्यानं उत्तर दिलं. धिन् धिन् धा. माझ्या बोटांनी मला न विचारता परत वाजवलं, टक टक टक. त्यानं दुप्पट केलं. मी दुप्पट केलं. मग आम्हा दोघांचं जे काही झालं त्याला लोक अजून दंडारच म्हणतात. टोप्या उडाल्या, शिट्ट्या झाल्या, प्रधान मेलेल्या राजाशेजारी नाचू लागली, आणि मेलेला राजा स्वतःच्या पट्ट्यावर ठेका धरून तिच्यापेक्षा जास्त नाचत होता. शेवटी दंडारीतल्या चार शिपायांनी मला लाकडाच्या ओंडक्यासारखं आडवं केलं आणि खांद्यावर घेऊन निघाले. त्यांच्या खांद्यावरून मी माझ्या मरणाच्या दोन ओळी म्हटल्या. कोणी रडलं नाही. "वन्स मोअर" मात्र आलं.

पडद्यामागं आईनं आधी पट्टा तपासला, तडा गेला का, बंद तुटला का.

"दुखलं?"

"नाही."

"मंग आता रडून काहून राहिली?"

कारण हसू ओसरल्यावर मला भिंत आठवली होती. ताईची.

घरी गेलो तेव्हा पाहुणे जेवायला बसले होते. मोठी आई बरबटीचे, म्हणजे चवळीचे, वडे वाढत होती, आणि तिचा चेहरा असा होता की वडेसुद्धा तेलात परत जाऊ पाहत होते. ताईच्या हातातल्या तांब्याचं पाणी ग्लासात कमी आणि चटईवर जास्त पडत होतं. मौनी पाहुण्यांनी काठीचा तो तुकडा ताटाशेजारी ठेवला होता, जसा काही पुरावा.

मोठ्या आईला तो पुरावा सोसेना. "नाटकातलं बोलनं होतं ते," तिनं सुरू केलं, "पोट्टी हाय, काहीबी बोलते..."

"खरं होय ते," आई दारातून म्हणाली. "वाकडी आहे. पट्टा घातला का वाढत नाही म्हनते डॉक्टर. लपवाचं काय आहे?"

मी खांबाला चिकटून उभी. ताई मान खाली घालून. मुलाच्या आईनं घास गिळला, पदरानं तोंड पुसलं, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग मोठ्या बाबांकडे वळून म्हणाली, "साक्षगंध पुढच्या पंधरवड्यात ठेवा. अन् राजाले घेऊन या. आमच्या इकडच्या मंडईले बी तसा ठेका पाहिजे."

ताई आत पळाली, नक्कीच एखाद्या भिंतीकडे. मोठ्या बाबांनी माझ्या पाठीवर थाप मारायला हात उचलला आणि वेळेवर आठवून डोक्यावर ठेवला.

पुढं मी तो पट्टा अकरावीपर्यंत घातला. वाक होता तिथंच थांबला. ऑपरेशन लागलं नाही. ओढणी अजून एका खांद्यावरून घसरते, घसरू दे. पण त्या दुपारी खरी पाहण्यासारखी गोष्ट मोठी आई होती. स्वेटरवाली मोठी आई! एका क्षणात ती वाढप सोडून पाहुण्यांपुढे बसली, माझा हात धरून मला ओढलं, गर्रकन फिरवलं आणि सगळ्यांसमोर माझी पाठ ठोकून दाखवली.

"पाहिलं ना भाऊ?" ती मौनी पाहुण्यांना म्हणाली, आणि आवाज असा की चौकातल्या भोंग्यांची गरज नव्हती. "अशी पाठ आहे आमच्या पोट्टीची! एवढी जाडी काठी, दोन तुकडे! पूर्न मंडईनं पाहिलं! हाय का कोनाच्या घरी अशी पाठ?"

पाहुण्यांनी तोंडातला वडा सावकाश संपवला. ताटाशेजारचा तुकडा उचलला, मोडलेल्या टोकावरून अंगठा फिरवला, खाली पडलेला भुसा पाहिला.

"काठी किडकी होती," ते म्हणाले.